बाळ बघायला शिकवताना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची आणि तीस दुखणी हुडकायची, असं त्यात ठरलं. या दुखण्यांचे चार गट आहेत: जन्मजात व्यंगं, पोषणातल्या कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला उशीर. पहिल्या तीन गटांत बरंचसं डोळ्यांना दिसतं. फाटलेला ओठ दिसतो, पापणी खाली ओढली की रक्तक्षय दिसतो, खरूज दिसते, किडलेले दात दिसतात. चौथा गट असा दिसत नाही. तो आईला विचारून आणि बाळाशी खेळून काढावा लागतो.

मी मुलांच्या विकासाचं काम करणारी बालरोगतज्ज्ञ आहे. ओपीडी संपली की माझा उरलेला वेळ हा चौथा गट शिकवण्यात जातो. समोर कधी या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकातले आयुष डॉक्टर असतात, कधी सिस्टर, कधी आशाताई आणि अंगणवाडी सेविका, तर कधी खासगी दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ. त्यांना शिकवताना मला जे उमगलं ते इथे क्रमाने मांडते. असं प्रशिक्षण घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना, दोघांनाही त्याचा उपयोग व्हावा.

१. आधी 'काही करता येतं' हे पटवा

प्रशिक्षणातला खरा प्रश्न सभागृहात येत नाही, चहाच्या सुट्टीत येतो. "मॅडम, सापडलं समजा. पुढं काय? ती पोरं काय बरी व्हायचीत का?" विचारणाऱ्याच्या मनात ही शंका असेपर्यंत तुम्ही कितीही तक्ते वाटा, तो मन लावून शोधणार नाही. उपाय नसलेलं दुखणं कोणाच्या दारात जाऊन सांगायला कोणालाच आवडत नाही.

म्हणून मी सुरुवात कानापासून करते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळासाठी जगभर एक साधं वेळापत्रक मानतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा इतर उपाय. झोपलेल्या बाळाच्या कानात एक छोटी कळी ठेवून ही पहिली चाचणी काही मिनिटांत होते. या वेळापत्रकाने गेलेलं मूल बोलायला शिकू शकतं. तेच मूल चौथ्या वर्षी आलं, तर भाषा शिकण्याचा मेंदूचा सगळ्यात सुपीक काळ निसटलेला असतो. दुसरं उदाहरण थायरॉइडचं. जन्मजात कमतरता पहिल्या काही आठवड्यांत कळली, तर रोजच्या एका स्वस्त गोळीने मुलाची बुद्धी वाचते. उशीर झाला तर तीच गोळी चालू करूनही गेलेलं परत येत नाही.

सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम गोळीने जात नाही, हेही मी तिथेच सांगते. पण लवकर सुरू केलेल्या थेरपीने आखडणारे सांधे वाचतात, मूल बसून जेवू शकतं, आपलं म्हणणं खुणेने का होईना पोचवू शकतं. 'बरं होणं' आणि 'चांगलं जगणं' यांत अंतर आहे आणि आपलं काम त्या अंतरात आहे, एवढं पटलं की सभागृहातल्या माना वर येतात.

२. वय काढायला शिकवा, अगदी वहीवर गणित घालून

हे वाचून कोणी हसेल, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. जन्म १२ मार्चचा आणि आज ५ नोव्हेंबर, तर बाळ केवढं? "आठ महिन्यांचं" असं अर्धा वर्ग उत्तर देतो. ते ७ महिने २४ दिवसांचं आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत सात दिवसांनी काय बिघडतं? बाळाच्या बाबतीतही यात फारसं बिघडत नाही. खरी मेख पुढे आहे. हे बाळ बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं असेल, तर ते आठ आठवडे आधी आलेलं आहे आणि विकासाच्या हिशेबात त्याचं वय साधारण सहा महिनेच धरायचं. आठ महिन्यांचं म्हणून बघितलं तर मागे वाटेल, सहा महिन्यांचं म्हणून बघितलं तर वेळेवर आहे. ही वजाबाकी दोन वर्षांचं होईपर्यंत करायची.

गावात आई तारीख सांगेलच असं नाही. "पोळ्याच्या आदल्या दिवशी झालं," असं उत्तर येतं आणि ते बिनचूकही असतं, फक्त ते पंचांगात शोधावं लागतं. त्यामुळे नियम एकच: माता-बाल संरक्षण कार्ड हातात घेतल्याशिवाय तपासणीला हात घालायचा नाही. जन्मतारीख, दिवस भरले होते का, जन्माचं वजन आणि बाळ काचेच्या पेटीत होतं का, या चार गोष्टी आधी बघायच्या.

३. सरासरी म्हणजे मुदत नव्हे

"मूल वर्षाचं झालं की चालतं." हे वाक्य आपल्याकडे इतकं रुजलंय की तेरा महिन्यांचं न चालणारं बाळ घेऊन लोक घाबरून येतात आणि बावीस महिन्यांचं न चालणारं बाळ "अंगाने जड आहे" म्हणून घरात बसून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा आधाराशिवाय चालण्याची खिडकी ८.२ ते १७.६ महिने अशी निघाली. आधाराशिवाय बसण्याची खिडकी ३.८ ते ९.२ महिने. आणि शंभरातली चारेक बाळं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली.

एकदा ही रुंदी डोळ्यांसमोर आली की तक्ता समजतो. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर यांच्या पुढाकाराने तयार झालेला तक्ता मी शिकवते. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या फक्त सतरा कसोट्या आहेत. प्रत्येक कसोटीसमोर एक आडवी पट्टी असते. शंभरातली तीन मुलं ती गोष्ट करू लागतात तिथे पट्टी सुरू होते आणि सत्त्याण्णव मुलं करू लागतात तिथे संपते. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपलेल्या पट्ट्यांतली एखादी गोष्ट बाळ करत नसेल, तर पुढची तपासणी. शिकायला दहा मिनिटं पुरतात. या कसोट्या ज्या भारतीय प्रमाणांवरून निवडल्या, ती बडोद्यात प्रमिला फाटक यांनी बसवली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण "ही परदेशी मापं आपल्या पोरांना कशी लावायची?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्तही आहे.

४. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका

प्रात्यक्षिकाच्या वेळी एका तरुण डॉक्टरने अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला विचारलं, "बोलतो का?" आई म्हणाली, "बोलतो की." "चालतो का?" "चालतोय कसला, पळतोय." दोन मिनिटांत सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या. मग मी तिच्याशेजारी बसले.

"पाणी हवं असलं की काय करतो?"

"माठापाशी नेतो की मला. हात धरून."

"बोटाने दाखवतो?"

"बोट न्हाई. हातच ओढतो माझा."

"आणि बोलतो काय काय?"

"मोबाइलवरची गाणी म्हणतो सगळी. ए-बी-सी-डी येतंय त्याला."

"तुम्हाला हाक काय मारतो?"

ती थोडा वेळ थांबली. "हाक... न्हाई मारत अजून."

तेच मूल, तीच आई आणि चित्र पूर्ण वेगळं. ती आधी खोटं बोलली नव्हती. गाणी म्हणणं तिच्या दृष्टीने बोलणंच होतं. 'बोलतो का?' या प्रश्नाला कुठलीही आई 'हो'च म्हणते, त्यात शेजारी सासूबाई बसलेल्या असल्या तर नक्कीच. म्हणून मी प्रशिक्षणात प्रश्न बदलायला लावते. 'समजतं का?'च्या जागी 'घरात काय काय आणून द्यायला सांगता?' 'खेळतो का?'च्या जागी 'काल दुपारी काय खेळत होता?' अंकारातल्या डॉ. इल्गी एर्तेम यांनी अशा मोकळ्या प्रश्नांवरच बाळाच्या विकासावर लक्ष ठेवण्याची एक पद्धत उभी केली. मुंबईतलं 'उम्मीद' बालविकास केंद्र ती शिकवतं. तिचा पहिला प्रश्न आईच्या मनातल्या काळजीबद्दल असतो. आईला काही खटकत असेल तर ते बहुतेक वेळा उगाच नसतं. मात्र आईला काहीच खटकत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असंही समजू नये.

५. खऱ्या बाळाशिवाय प्रशिक्षण नाही

पडद्यावरची चित्रं बघून कोणी पोहायला शिकत नाही, आणि बाळ बघायलाही शिकत नाही. सकाळी सभागृह आणि दुपारी लसीकरण सत्र किंवा अंगणवाडी, असा दिवस बांधून मिळाला नाही तर मी आता प्रशिक्षणाला होच म्हणत नाही.

खऱ्या बाळासमोर गेल्यावर जी गोष्ट पहिली कळते ती कुठल्याच पुस्तकात ठळक लिहिलेली नसते: भुकेलं, झोपेला आलेलं किंवा नुकतंच रडून थकलेलं बाळ काहीच करून दाखवत नाही. ते आईच्या मांडीवरच हवं. अनोळखी माणसाने लगेच हात पुढे करायचा नाही. आधी आईशी बोलायचं, खुळखुळा नुसता शेजारी ठेवायचा आणि बाळाला आपल्याकडे बघू द्यायचं. पाचव्या मिनिटाला ते स्वतःच हात पुढे करतं. त्या पाच मिनिटांत ते आईकडे किती वेळा वळून बघतं, आवाजाच्या दिशेला मान फिरवतं का, दोन्ही हात सारखे वापरतं का, हे सगळं फुकट बघायला मिळतं.

सामान फार लागत नाही. खुळखुळा, चार ठोकळे, वाटी-चमचा, एक चेंडू, चित्रांचं पुस्तक आणि चिमटीत उचलायला चुरमुरे. शेंगदाणा वापरू नका, तो श्वासनलिकेत अडकतो.

६. बाळ जिथे येतं तिथे तपासणी न्या

फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पण अंगणवाडीत रोज बसणारी मुलं असतात तीन ते सहा वर्षांची. तीनच्या आतली मुलं घरी असतात, त्यांच्या नावाचा आहार आई घेऊन जाते. म्हणजे ज्या वयात शोधून सगळ्यात जास्त फायदा, तेच वय पथकाच्या दिवशी बहुधा गैरहजर. बोलावून आणलं तर येतात, नाही बोलावलं तर यादीत नाव राहतं आणि रकाना रिकामा.

हे वय एका ठिकाणी मात्र न चुकता येतं, ते म्हणजे लसीकरण सत्र. सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिने. या भेटी तपासणीसाठी सोन्यासारख्या आहेत. अट एकच: बाळाला सुई टोचायच्या आधी बघायचं, नंतर नाही. लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतातच, तो वेळ आईशी बोलण्यासाठी ठेवायचा. चौदा आठवडे आणि नऊ महिने यांच्यामधली मोठी फट आशाताईंच्या घरभेटी भरून काढू शकतात. पहिल्या बेचाळीस दिवसांतल्या भेटींनंतर तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना त्यांनी घरी जायचंच असतं. त्या भेटीला वजनकाट्याइतकाच खुळखुळाही सोबत असावा.

७. त्रास न देणारं बाळ आधी बघा

रडणारं, आदळआपट करणारं मूल कोणीही पुढे आणतं. मागे राहतं ते 'गुणी' बाळ. "इतकं शांत की पाळण्यात घातलं की तास-तास पडून राहतं, कधी आवाज नाही," असं कौतुकाने सांगितलं गेलं, की मी प्रशिक्षणार्थींना पेन खाली ठेवून त्या बाळाकडे नीट बघायला सांगते. ते गुणी असेलही. कदाचित त्याला ऐकू येत नसेल, दिसत नसेल, स्नायू ढिले असतील किंवा माणसांकडे ओढच नसेल.

पाठ असायलाच हव्यात अशा खुणा थोड्याच आहेत. दोन-तीन महिन्यांनंतरही माणसाकडे बघून हसू नाही. चौथ्या महिन्यानंतरही मुठी घट्ट मिटलेल्याच. मान सावरत नाही. पहिल्या वर्षातच बाळ एकच हात वापरतं. लोक त्याला 'डावखुरा होणार' म्हणतात, पण एवढ्या लवकर असं दिसलं तर दुसऱ्या हातात अडचण असू शकते. वर्षाचं झालं तरी 'बाबा-दादा' अशी बडबड नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण: येत असलेली गोष्ट थांबली. बोलत होतं ते बोलेनासं झालं, बसत होतं ते बसेनासं झालं. इथे तक्ता नको, पुढच्या महिन्याची वाट नको, त्याच आठवड्यात पुढे पाठवायचं.

८. घरच्यांना काय सांगायचं, ते वाक्य तयार करून घ्या

चाळणी चाचणीने निदान होत नाही. ती फक्त 'हे मूल नीट बघायला हवं' एवढंच सांगते. ऑटिझमसाठी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांना लावायची वीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यात तीन ते सात गुण आले तर आधी त्याच प्रश्नांची खोलात जाऊन दुसरी फेरी घ्यायची असते. पहिल्या फेरीत अडकलेली पुष्कळ मुलं दुसऱ्या फेरीत सुटतात. हे माहीत नसलेला कोणी पहिल्याच फेरीनंतर आईला 'ऑटिझम दिसतोय' म्हणाला, तर त्या घरातली पुढची काही वर्षं त्या एका वाक्याभोवती फिरतात. उलट टोकाचं वाक्यही तितकंच महाग पडतं: "काही नाही हो, मुलगे उशिराच बोलतात."

म्हणून मी हे प्रसंग करून घेते. एक आशाताई आई होते, दुसरी सासूबाई, तिसरी स्वतःची भूमिका करते. सासूबाई झालेली बाई हमखास फड गाजवते: "ह्याचा बापबी पाच वर्षांचा होईस्तोवर बोलला न्हवता. आता ग्रामपंचायतीत भाषणं करतोय!" सगळे हसतात, आणि मग त्यावर काय बोलायचं हे प्रत्येकीला शोधावं लागतं. मला सगळ्यात आवडलेलं उत्तर एका सेविकेचं होतं. ती म्हणाली, "बोलंल हो आजी, तुमच्या तोंडात साखर पडो. पण कान तपासून घ्यायला काय जातंय? ऐकू येतंय कळलं की तुम्हीबी निवांत, आम्हीबी निवांत." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आजीचा मान राहिला, आईची बाजू घेतली गेली, दुखण्याचं नाव निघालं नाही आणि पुढचं पाऊल ठरलं. पुढच्या वर्गांत मी हेच शिकवत आले.

'मंद', 'वेडसर', 'नॉर्मल नाही' हे शब्द मात्र वर्गाच्या पहिल्याच तासाला बाहेर ठेवायचे. आईच्या गरोदरपणातल्या ग्रहणाची चौकशीही करायची नाही. तिला आधीच सगळ्यांनी विचारून झालेलं असतं.

९. पाठवलं म्हणजे पोचलं असं नाही

चिठ्ठी लिहिणं सोपं असतं. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पोचायचं तर एक दिवसाची मजुरी, दोघांचं एसटीचं भाडं, घरी उरलेल्या मोठ्या मुलाची सोय आणि सासऱ्यांची परवानगी एवढं सगळं लागतं. त्यातून गेलं आणि 'आज थेरपिस्ट नाहीत, गुरुवारी या' ऐकून परत आलं, तर ते घर पुन्हा येत नाही. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत तर दिवाळीच्या सुमारास कुटुंबच फडावर जातं आणि उन्हाळ्यात परततं. ऑक्टोबरमध्ये सापडलेलं मूल पुढच्या तपासणीच्या तारखेला कारखान्याच्या तळावर असतं.

म्हणून प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला मी आजाराबद्दल काही बोलत नाही, फक्त पत्ता बोलते. कुठली इमारत, कुठल्या वारी कोण असतं, कोणाला फोन करायचा, दिव्यांग प्रमाणपत्राचा कॅम्प कधी असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आहे आणि त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी हे सगळं आहे. पण प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय त्याचा घराला उपयोग नाही. ज्या जिल्ह्यात या प्रश्नांची उत्तरं जागेवर मिळत नाहीत, तिथे आधी अधिकाऱ्यांसोबत बसून ती उत्तरं तयार करावीत आणि मगच तपासणी शिकवावी. वहीत 'पाठवलं' या रकान्याशेजारी 'पोचलं का' आणि 'काय निघालं' हे दोन रकाने आखून घ्यावेत. नवी वही नको. आशाताईंच्या पिशवीत वह्यांना तोटा नाही, आहे त्याच वहीत रेघ मारायची.

१०. रिकाम्या हाताने घरी पाठवू नका

पुढची तारीख महिन्याने असेल, तर तो महिना बाळाने नुसता वाट बघण्यात का घालवावा? निदान काहीही निघो, बाळाशी बोलणं, खेळणं, त्याच्या आवाजाला उत्तर देणं याने नुकसान होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून यासाठी एक प्रशिक्षणसंच केला आहे. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने युनिसेफसोबत अंगणवाड्यांसाठी 'आरंभ' हा उपक्रम उभा केला, त्यात पालक मेळाव्यांतून हेच दाखवतात. भाकरी करताना बाळाला जवळ बसवून पिठाचा गोळा हातात द्या, अंघोळ घालताना एकेका अवयवाचं नाव घ्या, पदराआडून 'भोऽक' करा आणि मागायला थोडी जागा ठेवा. म्हणजे पाण्याचा पेला लगेच हातात न देता त्याने बघण्याची, आवाज करण्याची क्षणभर वाट बघा.

मोबाइल हा इथला अवघड विषय. दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. हे सांगताना आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. दिवसभर शेतात राबून स्वयंपाकाला लागलेल्या बाईने मुलाच्या हातात मोबाइल का दिला, हे आपल्याला कळायला हवं. जेवताना तरी नको, एवढ्यापासून सुरू करा.

११. आशाताई आणि सेविकांना कमी लेखू नका

"मॅडम, त्यांना हे झेपणार नाही," हे वाक्य मी वरिष्ठांकडून पुष्कळदा ऐकलंय. त्यांना मी गडचिरोलीची आठवण करून देते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने थोड्या शिकलेल्या गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर उपचार करायला शिकवलं. बालमृत्यू कसे घटले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. जंतुसंसर्ग ओळखणाऱ्या हातांना मुठी मिटलेल्या आहेत की उघड्या, हे ओळखणं जड नाही.

मात्र त्यांच्या वेळेचा मान ठेवा. घरभेटीमागे त्यांना मिळणारा मोबदला हा काही पगार नव्हे. प्रशिक्षण वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा, 'तुम्ही' म्हणा आणि त्यांच्या गावच्या मुलांबद्दल त्यांना बोलू द्या. सत्र संपल्यावर अर्धा तास थांबा. कोणीतरी जिन्यात गाठून हळूच विचारतं, "माझ्या पुतणीचं असंच हाय, दाखवायला आणू का?" ते मूल एरवी कुठल्याच यादीत आलं नसतं.

१२. परीक्षा शेवटच्या दिवशी घेऊ नका

प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची प्रश्नपत्रिका घेतली की गुण वाढलेलेच दिसतात. त्यावरून अहवाल छान होतो, काम किती बदललं ते कळत नाही. खरी परीक्षा तीन महिन्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत घ्यावी. वही उघडायची आणि विचारायचं: किती मुलं शंकेची निघाली, किती पोचली, किती जणांत खरंच काही निघालं? वर्षभरात एकही मूल सापडलं नसेल, तर ते गाव भाग्यवान आहे असं समजण्याआधी तिथे कोणी बघितलंय का, हे बघावं. प्रत्येक तिसरं मूल शंकेचं निघत असेल, तर वय काढण्याचं गणित पुन्हा घालून घ्यावं. आणि ज्या ताईने पाठवलेलं मूल पोचलं, त्याचं पुढे काय झालं ते तिला कळवावं. आपण शोधलेल्या मुलाला यंत्र बसलं आणि ते आता आवाजाकडे वळतं, हे जिला समजतं, ती पुढचं मूल शोधतेच.

या सगळ्यातलं सार एवढंच की तक्ता हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्याच्या आधी आईचं ऐकता आलं पाहिजे आणि त्याच्या नंतर बाळ पोचवता आलं पाहिजे. या दोन गोष्टी ज्या प्रशिक्षणात नाहीत, ते प्रशिक्षण कागदावरच राहतं.

तुमच्या घरात, शेजारी, वाड्यावर तान्हं मूल असेल तर एक करा. पुढच्या लसीच्या दिवशी त्याच्या कार्डावरचा विकासाच्या टप्प्यांचा भाग उघडा आणि सिस्टरांना किंवा आशाताईंना म्हणा, "ताई, हेही बघून घेऊ." आणि कोणी "सगळं समजतंय त्याला, फक्त बोलत नाही" असं सांगितलं, तर "बोलेल हो" म्हणून विषय संपवू नका. आधी कान तपासून घ्या, असं सांगा.